जुन्या पिकअपला क्रूझ कंट्रोल : आधी सोडण्याची सोय, मग धरण्याची

देवगडहून आंब्याच्या पेट्या भरून वाशीच्या बाजाराकडे निघालेली पिकअप असो किंवा हर्णे बंदरावरून मासळी घेऊन निघालेली, चालकाचा उजवा पाय रात्रभर एकाच कोनात ताणलेला राहतो. नव्या मोटारींत मिळणारी क्रूझ कंट्रोलची, म्हणजे पेडलवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवण्याची सोय दहा-पंधरा वर्षे जुन्या पिकअपलाही बसवता येते आणि नीट बसवली तर ती वर्षानुवर्षे चालते. मात्र ॲक्सिलरेटर धरून ठेवणारे यंत्र बसवणे हा या कामातला सोपा भाग आहे. ते यंत्र प्रत्येक वेळी, विनाविलंब सुटले पाहिजे, आणि खरी मेहनत तिथेच लागते. म्हणून या लेखातला कामाचा क्रम किटसोबतच्या पुस्तिकेपेक्षा थोडा उलटा आहे. ब्रेक आणि क्लचची जोडणी आधी पुरी करावी, वेगाचा सेन्सर त्यानंतर, आणि केबल ओढणारा सर्व्हो सर्वांत शेवटी.

राल्फ टीटर या दृष्टिहीन अमेरिकन अभियंत्याला या कल्पनेचे पेटंट १९५० मध्ये मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायसलरच्या गाड्यांत ती प्रथम विक्रीस आली. आजच्या इलेक्ट्रॉनिक किटमध्ये वेगाची खबर देणारा सेन्सर, ती वाचून निर्णय घेणारे मॉड्यूल, केबल ओढणारा सर्व्हो, स्टिअरिंगजवळची बटणे आणि ब्रेक-क्लचचे स्विच एवढे भाग असतात. बहुतेक किटमध्ये मॉड्यूल आणि सर्व्हो एकाच डब्यात असतात. ही यंत्रणा फक्त ॲक्सिलरेटर कमी-जास्त करते, ब्रेक लावत नाही. उतारावर भरलेल्या गाडीचा वेग वाढू लागला तर केबल सैल सोडण्यापलीकडे तिच्या हातात काही नसते.

गाडी कोणत्या प्रकारची आहे

बोनेट उघडून एखाद्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगावे आणि डिझेल पंपाकडे पाहावे. पेडलपासून आलेली लोखंडी केबल पंपावरचा लिव्हर ओढत असेल, तर गाडी यांत्रिक पंपाची आहे. जुन्या बोलेरो पिकअप आणि टाटा २०७ यांतल्या कितीतरी गाड्या अशाच आहेत. पेडलच्या वरच्या टोकाला केबलऐवजी प्लास्टिकचा कनेक्टर आणि पाच-सहा तारांचा जुडगा दिसला, तर पेडल इलेक्ट्रॉनिक आहे. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही धुराच्या प्रदूषणाची मानके लागू झाल्यावर बाजारात आलेल्या पिकअप सहसा या दुसऱ्या प्रकारच्या असतात. त्यांच्याविषयी शेवटाकडे लिहिले आहे. पुढचे बहुतेक विवेचन केबलच्या गाड्यांसाठी आहे.

किट घेताना ‘व्हॅक्युम’ प्रकारचे घेऊ नये. पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये आपोआप निर्वात निर्माण होतो आणि जुनी किटे त्यावर चालत. डिझेल इंजिनात तो तसा मिळत नाही. आपल्या पिकअपमध्ये सहसा अल्टरनेटरच्या पाठीमागे जोडलेला छोटा पंप ब्रेक बूस्टरसाठी (ब्रेकचे पेडल हलके करणाऱ्या डब्यासाठी) निर्वात तयार करतो. त्या नळीला फाटा मारून सर्व्हो चालवणारे मेस्त्री भेटतात. गाडी चालतेही, पण फाट्याची रबरी नळी उन्हाने तडकली की ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होते. पूर्ण विजेवर चालणारा, १२ व्होल्टचा सर्व्हो असलेले किटच घ्यावे.

जुन्या जीपगाड्यांत डॅशबोर्डवर ओढायचा हात-ॲक्सिलरेटर असे. तो आहेच, मग क्रूझ कशाला, असे काही जण म्हणतात. हात-ॲक्सिलरेटर लिव्हरची जागा धरतो, वेग धरत नाही, आणि ब्रेक दाबला तरी सुटत नाही. उभ्या गाडीवर इंजिन गरम करण्यापुरता तो ठीक आहे. रस्त्यावर त्याला क्रूझ समजणे हा जिवाशी खेळ आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

किट बसवण्याआधी गाडीतल्या चार गोष्टी ठाकठीक असल्या पाहिजेत. ॲक्सिलरेटरची केबल बाहेरच्या आवरणात अडकत नसावी. पंपाच्या लिव्हरची परतीची स्प्रिंग ताठ असावी आणि शक्य असल्यास जोडीला दुसरी स्प्रिंग लावावी. ब्रेकचे दिवे दोन्ही बाजूंना लागत असावेत. इंजिनाचे रबरी माउंटिंग फाटलेले नसावे, कारण इंजिन हलले की केबलची लांबीही बदलते. यांतली एक गोष्ट जरी बिघडलेली असली तरी आधी ती दुरुस्त करून मग किटचा खोका उघडावा.

साहित्यात मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, सोल्डरिंग आयर्न, थिंबल (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) दाबण्याचा पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह, तारांवर चढवायची काळी नळी, पाच अँपिअरचा फ्यूज होल्डरसह (किटमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तो) आणि रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात तार घासू नये म्हणून बसवायची कडी) एवढे हाताशी असावे. बॅटरीचा ऋण लग काढून मगच तारांना हात लावावा.

ब्रेकची जोडणी

या कामात सर्वांत जास्त चुका ब्रेकच्या जोडणीत होतात, म्हणून ती सविस्तर पाहू. ब्रेकच्या स्विचला दोन मुख्य तारा असतात. एका तारेत बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात. दुसरी मागच्या दिव्यांकडे जाते आणि पेडल दाबल्यावरच तिच्यात व्होल्टेज येते. टेस्ट लॅम्पने दोन्ही ओळखून त्यांवर चिकटपट्टीने खूण करावी. रंगावर विसंबू नये, कारण जुन्या गाडीचे वायरिंग किती हातांतून गेले आहे ते सांगता येत नाही.

अनेक किटमध्ये सर्व्होच्या आत विद्युतचुंबकीय क्लच असतो (पायाच्या क्लचशी त्याचा संबंध नाही). त्याच्या एका टोकाला ब्रेक स्विचच्या कायम गरम तारेतून वीज मिळते, आणि दुसरे टोक दिव्यांकडे जाणाऱ्या तारेला जोडलेले असते. ब्रेक सुटलेला असताना ही दुसरी तार दिव्याच्या फिलामेंटमधून चेसिसला अर्थ होते, म्हणून क्लच लागतो आणि सर्व्हो केबल धरू शकतो. ब्रेक दाबताच दिव्याच्या तारेतही १२ व्होल्ट येतात, दोन्ही टोकांचे व्होल्टेज सारखे होते, क्लचमधून वाहणारा प्रवाह थांबतो आणि केबल सुटते. यात मॉड्यूलच्या बुद्धीचा काहीही संबंध येत नाही. मॉड्यूल बिघडले तरी ब्रेक दाबल्यावर केबल सुटणारच, आणि या रचनेचे मोल त्यातच आहे. म्हणून ‘दादा, कुठूनही प्लस घेतला तरी चालते’ असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये. किटच्या पुस्तिकेत ज्या तारेसाठी ब्रेक स्विच सांगितला आहे, ती तार तिथेच जोडावी. इग्निशनवरून किंवा फ्यूज बॉक्समधून वीज घेतली आणि ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज उडाला, तर ब्रेक दाबूनही क्लच सुटत नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. बऱ्याच पिकअपना मागे चमकदार एलईडी दिवे लावलेले असतात. साध्या २१ वॅटच्या बल्बचे फिलामेंट थंड असताना त्याचा रोध एक ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे अर्थ सहज मिळतो. एलईडी दिवा तसा अर्थ देत नाही. मग सगळे नीट जोडूनही क्रूझ लागतच नाही आणि मेस्त्री दिवसभर मॉड्यूल उघडून बसतो. पाच टोकांचा चेंजओव्हर रिले (वीज मिळताच एका टोकावरून दुसऱ्यावर पलटणारा स्विच) लावून यावर मार्ग काढता येतो. क्लचची तार ३० क्रमांकाच्या टोकाला, ८७ए अर्थला, ८७ला १२ व्होल्ट, आणि रिलेच्या कॉइलला दिव्याची तार व अर्थ अशी ती जोडणी असते. पण या रिलेची कॉइल जळाली किंवा संपर्क चिकटले तर ब्रेक दाबूनही क्लच सुटणार नाही. म्हणजे ज्या मार्गात काहीही बिघडू नये, तिथेच आपण बिघडू शकणारा एक भाग घालतो. मला हे पटत नाही. त्यापेक्षा ब्रेक दिव्यांपैकी निदान एक फिलामेंटचा साधा बल्ब ठेवावा. दिसायला थोडे विजोड दिसेल, तेवढे चालवून घ्यावे.

ब्रेकचा स्विच कुठे आहे हेही पाहावे. काही जुन्या गाड्यांत तो पेडलपाशी नसून मास्टर सिलिंडरजवळ, तेलाच्या दाबावर चालणारा असतो. दाब तयार झाल्यावरच तो लागतो, तेव्हा क्रूझ सुटायला उशीर होतो. अशा गाडीत पेडलच्या दांड्याला लागणारा साधा दांड्याचा स्विच वेगळा बसवावा आणि पेडल बोटभर खाली जाण्याआधीच तो लागेल असा जुळवावा. ब्रेक चावण्याआधी क्रूझ सुटले पाहिजे.

क्लच आणि इंजिनाचे फेरे

गिअर हाताने बदलायच्या गाडीत क्लचचा स्विच बसवलाच पाहिजे. क्लच दाबला की चाकांचा भार इंजिनावरून उतरतो आणि गाडीचा वेग घटू लागतो. मॉड्यूलला वाटते की चढ आला, म्हणून ते केबल आणखी ओढते आणि इंजिन किंचाळू लागते. क्लच पेडलच्या दांड्यापाशी पत्र्याची छोटी पट्टी वाकवून त्यावर स्विच बसवावा. पेडल सुटलेले असताना सर्किट जोडलेले आणि दाबताच तुटलेले, की त्याच्या उलट, हे किटप्रमाणे ठरते. पुस्तिकेत पाहून मल्टिमीटरने खात्री करावी.

काही किटना इंजिनाच्या फेऱ्यांची खबरही लागते, म्हणजे फेरे एकदम वाढले तर मॉड्यूल स्वतःच सोडून देते. पेट्रोल गाडीत ही खबर इग्निशन कॉइलवरून मिळते. डिझेलला कॉइल नसते. बऱ्याच डिझेल अल्टरनेटरवर ‘डब्ल्यू’ असे लिहिलेले टोक असते, त्यातून फेऱ्यांच्या प्रमाणात स्पंदने मिळतात. ते टोक असेल तर जरूर वापरावे.

वेगाची खबर

जुन्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून येणाऱ्या फिरत्या केबलवर चालतो. त्या केबलच्या मुळाशी, गिअरबॉक्स आणि केबल यांच्यामध्ये बसणारा सेन्सर मिळाला तर काम सुबक होते, आणि आटे जुळत असतील तर मी तोच निवडेन. नाहीतर प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर) चुंबक आणि त्याच्यासमोर चेसिसला कॉइल, हा दुसरा मार्ग.

चुंबक शाफ्टच्या कुठल्या टोकाला बसवायचे हे महत्त्वाचे आहे. मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर वर-खाली होतो आणि त्याच्यासोबत शाफ्टचे मागचे टोकही. रिकामी गाडी आणि पेट्यांनी भरलेली गाडी यांत तिथले अंतर कितीतरी बदलते, आणि खड्ड्यात तर चुंबक कॉइलवर आदळतेसुद्धा. गिअरबॉक्सजवळचे टोक जवळपास स्थिर असते, म्हणून चुंबक तिथेच बसवावे. दोन चुंबके समोरासमोर लावली म्हणजे शाफ्टचा तोल जात नाही. ती किटमधल्या पट्ट्याने घट्ट आवळून वर इपॉक्सी लावावी. चुंबक आणि कॉइल यांतले अंतर पुस्तिकेत दिलेले ठेवावे आणि शाफ्ट हाताने पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहावे.

मॉड्यूलला किलोमीटरमागे किती स्पंदने मिळतील हे सांगावे लागते. त्याचे गणित सोपे आहे. समजा टायर २१५/७५ आर १५ आहे. त्याचा व्यास सुमारे ७०० मिलिमीटर आणि परीघ सुमारे २.२ मीटर, म्हणजे चाक किलोमीटरमागे साधारण ४५० फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे, ४.१ धरले तर शाफ्टचे सुमारे १,८५० फेरे होतात आणि दोन चुंबकांची ३,७०० स्पंदने. ताशी ६० किलोमीटरला ती सेकंदाला ६२च्या आसपास पडतात. आपल्या गाडीचा टायर आणि डिफरन्शियलचे प्रमाण घालून हा हिशेब करावा आणि मॉड्यूलवरचे छोटे स्विच सर्वांत जवळच्या आकड्यावर ठेवावेत.

सर्व्हो आणि केबल

सर्व्होसाठी जागा शोधताना सायलेन्सर आणि टर्बोपासून निदान दोन वीत अंतर असावे, पाणी साचणार नाही इतकी ती उंच असावी, आणि केबलला कुठेही तीव्र वळण पडू नये. पंधरा सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचा वळसा दिला की केबल आतल्या आत घासते आणि परत येताना अडखळते. फायरवॉलचा (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याचा) बोनेटकडचा वरचा कोपरा बहुधा योग्य ठरतो. सर्व्होच्या तारांचे तोंड खाली असावे, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळून डब्यात शिरत नाही.

पंपाच्या लिव्हरची पूर्ण हालचाल किती मिलिमीटर आहे ते पट्टीने मोजावे. सर्व्होचा ओढा त्यापेक्षा फार कमी असेल तर केबल लिव्हरवर धुरीच्या जवळ जोडावी. पेडलची मूळ केबल आणि सर्व्होची केबल एकमेकींपासून स्वतंत्र राहिल्या पाहिजेत, म्हणजे पायाने पेडल दाबले तरी सर्व्होची केबल नुसती सैल पडावी आणि सर्व्होने ओढले तर पेडल आपोआप खाली जावे. यासाठी किटमध्ये मण्यांची बारीक साखळी आणि तिला धरणारी टोपी असते. इंजिन आयडलवर (पेडल न दाबता सर्वांत कमी फेऱ्यांवर) असताना साखळीत दोन-तीन मिलिमीटर ढिलाई ठेवावी. मग इंजिन चालू करून कोणाला तरी ॲक्सिलरेटर झटक्याने दाबून सोडायला सांगावे आणि लिव्हरकडे टॉर्च धरून पाहावे. इंजिन माउंटिंगवर हेलकावते, त्या हेलकाव्यातही साखळी ताणली जाता कामा नये आणि लिव्हर प्रत्येक वेळी ‘टक्’ करून आयडलच्या स्क्रूवर परत बसला पाहिजे. शंभरातला एक झटकाही अर्ध्यावर थांबला तर काम अपुरे आहे.

यांत्रिक पंपाच्या गाड्यांची एक खोड इथे सांगितली पाहिजे. काही पंपांचा गव्हर्नर (फेरे आवरणारी आतली यंत्रणा) फक्त आयडल आणि कमाल फेरे सांभाळतो, तर काहींचा सर्व फेऱ्यांवर काम करतो. दुसऱ्या प्रकारात लिव्हरची प्रत्येक जागा म्हणजे इंजिनाच्या ठराविक फेऱ्यांचा हुकूम असतो आणि लिव्हर केसभर हलला तरी डिझेल एकदम वाढते-घटते. मॉड्यूलची संवेदनशीलता जास्त ठेवली तर अशी गाडी ५८ आणि ६३ यांच्यामध्ये झोके खात राहते. सुरुवात सर्वांत कमी संवेदनशीलतेने करावी. चढावर वेग फार पडू लागला तरच ती एक पायरी वाढवावी.

खारी हवा, उंदीर आणि पाऊस

कोकणात विजेच्या कामाचे आयुष्य सांध्यावर ठरते. नुसती तार पिळून टेप गुंडाळली तर एका पावसाळ्यात तांबे हिरवे पडते. प्रत्येक सांधा सोल्डर करून किंवा थिंबल दाबून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी, आणि कनेक्टरमध्ये डायलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस भरावे. अर्थसाठी चेसिसवरचा रंग घासून, थिंबल कसून, वर ग्रीस लावावे. शक्य असेल तर अर्थ थेट बॅटरीच्या ऋण टोकाकडे न्यावा. मासळीच्या गाडीत हौद्यातून बर्फाचे खारे पाणी सतत ठिबकते, ते नेमके शाफ्टवर आणि सेन्सरच्या तारेवर पडते. अशा गाडीत सेन्सरची तार चेसिसच्या आतल्या बाजूने, काळ्या नळीतून न्यावी आणि कॉइलच्या ब्रॅकेटला गंजरोधक रंगाचे दोन हात द्यावेत. उंदीर नव्या तारेचा प्लास्टिक वास ओळखतात की काय कोण जाणे, पण मांगराशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत नवी तार उघडी ठेवू नये.

रस्त्यावरची तपासणी

आधी उभ्या गाडीवर, इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून तपासावे. बऱ्याच किटमध्ये तपासणीचा छोटा दिवा असतो आणि प्रत्येक बटण, ब्रेक, क्लच दाबला की तो प्रतिसाद देतो. नसेल तर मल्टिमीटरने तेच पाहावे. मग रिकामी गाडी पहाटे कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर न्यावी. मुंबई-गोवा महामार्गाचा कणकवली ते झाराप हा चौपदरी भाग यासाठी चांगला आहे.

बहुतेक किट ताशी ४० किलोमीटरच्या आसपास पोचल्याशिवाय लागत नाहीत. टॉप गिअरमध्ये ५५ वर सेट करावे आणि लगेच ब्रेकला नुसता पाय लावावा. सुटले पाहिजे. पुन्हा सेट करून क्लच दाबावा. सुटले पाहिजे आणि इंजिन चढता कामा नये. मग ऑफचे बटण. या तिन्ही मार्गांनी ते प्रत्येक वेळी सुटते अशी खात्री झाल्यावरच वेग किती नीट धरतो याकडे लक्ष द्यावे. केबल कधी अडकलीच तर काय करायचे हेही आधी ठरवून ठेवावे: ब्रेक जोरात, क्लच दाबून गिअर न्यूट्रल, कडेला घेऊन इंजिन बंद. अगदी जुन्या पंपाच्या गाडीत चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, स्टॉपची केबल ओढावी लागते. ती चालते का, हे त्याच दिवशी पाहावे. गाडी धावत असताना चावी मात्र काढू नये, स्टिअरिंग लॉक होते.

कुठे वापरू नये हे सांगणे सोपे आहे. कशेडी, भोस्ते, परशुराम या घाटांत नाही, गुहागरच्या किंवा दापोली-हर्णेच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर नाही, भर पावसात नाही आणि रात्री गुरे बसलेल्या गावांतून नाही. ओल्या रस्त्यावर चाके पाण्यावर तरंगली की शाफ्टचा वेग आणि गाडीचा वेग यांचा मेळ तुटतो, आणि यंत्र चुकीच्या खबरीवर केबल ओढू लागते. भरलेल्या गाडीने लांब चढ टॉप गिअरमध्ये क्रूझवर चढवू नये. ते लिव्हर पुरा ओढते, गाडी काळा धूर सोडते आणि तापमानाचा काटा चढतो.

इलेक्ट्रॉनिक पेडलची गाडी

इथे सर्व्हो आणि केबल लागत नाही. पेडलमधून ईसीयूकडे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे) दोन स्वतंत्र सिग्नल जातात आणि ईसीयू त्यांची सतत तुलना करतो. मेळ बसला नाही की इंजिन मर्यादित ताकदीवर चालू लागते. म्हणून तारा कापून सोल्डर करण्याऐवजी पेडलचा कनेक्टर आणि गाडीचे वायरिंग यांच्यामध्ये बसणारे, त्याच मॉडेलसाठी बनवलेले मॉड्यूल घ्यावे. बिघाड झाला तर ते काढून मूळ जोडणी दोन मिनिटांत परत करता येते. काही गाड्यांच्या ईसीयूमध्ये क्रूझची सोय आधीच असते आणि फक्त बटणे व प्रोग्रामिंग लागते. किट घेण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला हा प्रश्न विचारावा.

कागदपत्रे आणि देखभाल

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार करता येत नाही. क्रूझने इंजिन, इंधन किंवा सांगाडा बदलत नाही, तरीही विमा कंपनीला लेखी कळवणे शहाणपणाचे. मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर असेल तर त्याच्या तारेला किंवा केबलला हात लावू नये. क्रूझची केबल गव्हर्नरला वळसा घालून लिव्हर ओढत नाही ना, हे जोडतानाच पाहावे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्याआधी ब्रेकचे दिवे तपासताना क्रूझचा ब्रेक स्विचही तपासून घ्यावा.

पावसाळा संपला की साखळीची ढिलाई पुन्हा मोजावी, चुंबकांवर चिकटलेला लोखंडी कीस आणि लाल माती पुसावी, कॉइलचे अंतर पाहावे आणि अर्थचा नट सोडून, घासून पुन्हा कसावा. केबलच्या आवरणात पातळ तेलाचे दोन थेंब पुरेत. जाड ग्रीस घातले तर त्यात माती बसते आणि पुढच्या उन्हाळ्यात केबल परत यायला नकार देते.